दोन फोटो बाकी

“अरे आधी खटका कुठंय ते तरी बघ,” रवी म्हणाला. पण तोवर सनीनं कॅमेऱ्याची पाठ, म्हणजे रोल बसतो तो मागचा डबा, सोडवून हातात घेतली होती, खिडकीशी चांगल्या उजेडात नेली होती आणि दार उघडलंही होतं.

आत रोल होता.

सनीनं दार असं खाडकन लावलं की रवी दचकला. पण रोल जाळायला उन्हाला काय, क्षणभर पुरतं. दुपारचं बाराचं ऊन, गोदावरीकडं तोंड करून असलेली खिडकी, आणि सायखेड्यात त्या दिवशी आभाळात ढगाचं नाव नव्हतं.

“होता का रे आत काही?” रवीनं हळूच विचारलं.

सनीनं पाठ उलटीसुलटी करून बघितली. पाठीच्या बाजूला एक शेंगदाण्याएवढी काच असते, तिच्यात किती फोटो झाले तो आकडा दिसतो. उघडायच्या आधी तिथं आठ होता. सनीनं तो पाहिला होता, पण पाहून डोक्यात शिरायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यानं स्वतःला दिलाच नव्हता. आता आकडा गेला. दार उघडलं की तो आपोआप सुरुवातीला जातो. हे सगळं त्याला माहीत होतं, वीस तरी व्हिडिओ पाहिले होते त्यानं. जुना कॅमेरा घेताना उजेड अडवणारा आतला स्पंज कुजलाय का बघा, एका व्हिडिओवाल्यानं सांगितलं होतं. आणि त्याच्याही आधी सांगितलं होतं, आत रोल नाही ना याची खात्री करा. पण डिजिटलवर वाढलेला माणूस. कॅमेऱ्यात काही उरलेलं असू शकतं हे त्याच्या हातांना ठाऊकच नव्हतं.

सनी लग्नाचे फोटो काढायचा. गंगापूर रोडचं एकही लॉन्स त्यानं सोडलं नव्हतं. एका लग्नात तीन तीन हजार फोटो, त्यातले दोनशे अल्बममध्ये, बाकीचे नवरानवरीसुद्धा बघत नाहीत. त्याचा कंटाळा आला होता त्याला. असा कॅमेरा पाहिजे म्हणायचा ज्यात फोटो जपून काढावा लागतो. रोलमध्ये दहाच फोटो, एकेक मोठा, वरून वाकून काचेत बघायचं, डावं उजवीकडं दिसतं, आणि बोट दाबायच्या आधी माणूस दहादा विचार करतो. दोन वर्षं नवा मोबाइल घेतला नाही पठ्ठ्यानं त्याच्यापायी. मग ही जाहिरात दिसली. मामिया कंपनीच्या कॅमेऱ्याचा जुना सेट, दोन लेन्स, दोन पाठी, स्टँड, लाकडी पेटीसकट, फोटोग्राफर वारले म्हणून विकणे आहे. रविवारी सकाळी रवीला मागं बसवून तो नाशिकरोडवरून निघालाच.

वारलेल्या सावळीराम फोटोग्राफरांच्या बायको, सिंधुबाई, चहा घेऊन बाहेर आल्या. साठीच्या पुढच्या, बारीक, दोन्ही हातांत एकेक बांगडी. ट्रे पेटीवर ठेवू लागल्या आणि थांबल्या, पेटीवर नको म्हणून स्टुलावर ठेवला.

“चालू हाय ना रे बाळा?”

“आहे मावशी. एकदम मस्त ठेवलाय.”

“ठेवणारच. पूर आला तेव्हा टीव्ही गेला, गाद्या गेल्या, आमच्या लग्नाचे फोटो गेले. ही पेटी मात्र डोक्यावर घेऊन हे देवळाच्या पायऱ्यांवर बसून राहिले. मी म्हणलं, मला उचललं असतं एवढ्या प्रेमानं.” त्या हसल्या. “म्हणले, तू चालत येशील, ही कशी येईल.”

रवी हसला. सनीला हसायला जमलं नाही.

“मंग आता एक काम कर,” सिंधुबाई म्हणाल्या. “आत रोल हाय त्यांचा. तेवढा धुवून आणून दे मला. पोरगी म्हणत होती, भंगारवाल्याला देऊन टाक. मी म्हणलं, नाय. ज्याला त्यातलं कळतं त्यालाच द्यायचा, म्हंजी तो रोल नीट काढंल.”

सनीनं कपबशी उचलली आणि परत ठेवली.

“काय आहे त्याच्यात?” हे रवीनं विचारलं.

“माझा फोटो.” त्या जरा लाजल्या. “सगळ्या गावाचे फोटो काढले ह्यांनी. मुंजी, बारसं, शाळेच्या फॉर्मचे. ओले फोटो दोरीवर वाळत घालायचं काम माझं. पण माझा काढायचं कधी सुचलंच नाय त्यांना. माझा म्हणाल तर तो आधार कार्डावरचा, चोर पकडल्यासारखा. मंग शेवटच्या दिवाळीला काय मनात आलं, म्हणले, बस. ह्याच खिडकीत बसवलं. साडी बदलू दिली नाय. अर्धा तास नुसतं बघत बसले वरून वाकून. मला हसू येत होतं.”

“मग धुतला का नाही लगेच?” सनीचा आवाज त्यालाच वेगळा वाटला.

“दोन फोटो बाकी होते ना. रोल पुरा झाल्याशिवाय बाहेर काढायचा नाय, ही त्यांची रीत. चाळीस वर्षांत एक रोल वाया गेला नाय माझ्या हातून, असं म्हणायचे. म्हणले, दोन चांगली माणसं सापडू दे, मंग धुतो.” त्यांनी बश्या गोळा केल्या. “संक्रांतीच्या आधी गेले.”

रवीनं स्टुलाआडून सनीच्या पायावर पाय दिला. जोरात. सनीनं पाय मागं घेतला.

“आणतो मावशी,” तो म्हणाला. “धुवून आणतो.”

चांदोरीच्या पुढं आल्यावर रवीनं गाडी थांबवायला लावली.

“मागं फिर. सांगून टाक.”

“काय सांगू?”

“हेच की तू येडा आहेस. उघडलास, चुकलं, माफ करा.”

“आधी बघू तर दे. दोन सेकंद उघडं होतं. वाचलाही असेल.”

“सनी, तुला माहितीये वाचला नाही.”

“तू काय लॅबवाला आहेस?”

रवी परत मागं बसला. नाशिक येईपर्यंत दोघांच्या मध्ये ती लाकडी पेटी होती आणि प्रत्येक खड्ड्याला ती रवीच्या पोटाला लागत होती.

रोल कुरिअरनं मुंबईच्या लॅबला गेला. दहा दिवसांनी फोटो मोबाइलवर आले तेव्हा सनी एका हळदीत होता, समोर नवरीचे मामा-मामी नाचत होते. जनरेटरच्या मागं जाऊन त्यानं एकेक उघडला. दप्तर घेतलेली पोरगी. पारावरचे दोन म्हातारे. बाजारातली भाजीवाली, तराजू असा धरलेला की वजन जाणवावं. इतक्या वर्षांत सनीला असा एक जमला नव्हता. पण पाचव्यापासून कडेनं पांढरं यायला लागलं. सातव्यात अर्धा माणूस राहिला. आठवा सगळा पांढराफेक. खाली एका कोपऱ्यात उजेड पोचला नव्हता, तेवढ्यात साडीची घडी, मांडीवर ठेवलेला एक हात आणि त्यात एक बांगडी.

त्याच्यापुढचे दोन कोरे.

आठही प्रिंट घेऊन तो सायखेड्याला गेला, एकटाच. वाटेत म्हणत गेला, आज सांगायचं. सिंधुबाईंनी चष्मा पुसला, बाकीचे सात बाजूला ठेवले आणि तो शेवटचा खिडकीपाशी नेऊन बराच वेळ धरला.

“रोल जुना झाला होता, मावशी,” सनी म्हणाला. हे वाक्य त्यानं ठरवलेलं नव्हतं, आपसूक आलं.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, “रोलचं नाय रे. ह्यांचाच हात हलला असंल. शेवटी शेवटी थरथरायचा. त्यांना वाटायचं मला कळत नाय.”

आता बोलायची जागा होती. एवढी मोठी जागा पुन्हा मिळणार नव्हती, हे त्याला तेव्हाही कळत होतं.

“असेल,” तो म्हणाला.

तो एक शब्द. त्यानंतर सनीनं त्या कॅमेऱ्यात रोल घातला नाही. घालायला घेतला की दार उघडावं लागायचं. पेटी कपाटावर गेली, वर त्याच्या आईनं पापडाचा डबा ठेवला. रवी सुरुवातीला विचारायचा, सांगितलंस का. मग त्यानंही सोडून दिलं.

माघात सायखेड्यातच एका लग्नाची ऑर्डर आली. दुपारी जेवणावळ चालू असताना सनी तिथून सटकला आणि सिंधुबाईंच्या दाराशी जाऊन उभा राहिला. ह्या वेळी शब्दन् शब्द पाठ होता. मावशी, त्यांचा हात नव्हता, माझा होता.

ओट्यावर शेजारच्या बायडाबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

“ये ये,” सिंधुबाई म्हणाल्या. “बायडाबाई, हाच तो. लय धडपड केली पोरानं, मुंबईपर्यंत पाठवला रोल. पण वाचला नाय.” आणि त्याला आत नेत म्हणाल्या, “ये, दाखवते तुला.”

भिंतीवर सावळीराम फोटोग्राफरांचा हार घातलेला फोटो होता. त्याच्या शेजारी नव्या चौकटीत ती पांढरी चौकोनी प्रिंट. कोपऱ्यात तेवढा हात.

बायडाबाई मागून आल्या, हातात मेथीची जुडी तशीच. “ह्याच्यात तू कुठंय गं?”

“ही काय, हिथं.” सिंधुबाईंनी बोट पांढऱ्या काचेवर टेकवलं, बरोबर मधोमध, जरासं वर. “हिथं तोंड. थोडी हसलेय. डोक्यावर पदर हाय. उजेड जरा जास्त झाला ह्यांच्या हातून, काय करणार, शेवटचाच होता.”

सनी उभा राहिला. पाठ केलेलं सगळं तोंडात होतं.

“चहा ठेवते,” त्या म्हणाल्या. जाता जाता थांबल्या. काचेवर बोटाचा ठसा उठला होता. त्यांनी पदराचं टोक घेतलं, काचेवर फुंकर मारली आणि तेवढीच जागा हळूहळू पुसली, जसा एखाद्याच्या कपाळावरचा घाम पुसावा.