अपांची अंगाई

मीरगुलनं सासूबाईंच्या, उमसुनाय अपांच्या, डोक्यावरचा रुमाल हलकेच मागे सारून त्यांच्या कानांवर हेडफोन बसवला आणि टॅबलेटवर बोट नेलं. ते तिथंच अडलं.

"लाव ना," अपा पुटपुटल्या. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांच्यापाशी एवढं पुटपुटणंच उरलं होतं.

एके काळी त्यांच्या नारिन गावातलं एकही लग्न त्यांच्या गाण्यावाचून होत नसे. ऑपरेशनला जाण्याआधी त्यांनी मीरगुलसमोर बसून तिच्या टॅबलेटवर अंगाई रेकॉर्ड केली होती, दूर कझान शहरात असलेल्या गरोदर लेकीसाठी, नुरिलासाठी. मीरगुल टॅबलेटवर लग्नांसाठी संगीत बांधायची. तिच्या जुन्या ॲपमध्ये वाद्यं मोजकी. नव्यात म्हणे गळासुद्धा हवा तसा घडवता यायचा. दोन्हींना टॅबलेटमध्ये जागा पुरेना. ती बरेच दिवस घोटाळली आणि एका लग्नाचं काम अंगावर आलं तेव्हा जुनं काढून टाकून मोकळी झाली. ॲपबरोबर त्याच्या पोटातली गाणीही जातात, हे तिला नंतर कळलं.

आता नुरिलाला मुलगी झाली होती. तिनं अंगाई मागितली तेव्हा मीरगुल म्हणाली, "जरा साफ करते, मग पाठवते." दार लावून ती स्वतःच गायली. नव्या ॲपनं तिचा गळा खाली उतरवला, थोडी खरखर घातली. ऐकताना तिच्याच अंगावर काटा आला.

पण पाठवण्याआधी अपांना ते ऐकायचं होतं.

गाणं सुरू झालं. अपांची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली. मीरगुल चहा ओतत राहिली. पेला काठोकाठ भरला, नको असलेल्या पाहुण्यानं लवकर उठावं म्हणून त्यांच्याकडे देतात तसा. मध्येच बोटं थांबली. अपांनी हेडफोन उतरवला.

"दुसऱ्या कडव्यात घोड्याचं नाव येतं. ते मला कधीच आठवायचं नाही. तिथं मी नुसतं गुणगुणायचे."

मीरगुलनं मान वर केली नाही.

"यात नाव आहे. कुणी शिकवलं तुला?"

"माझ्या आईनं." तिनं किटली खाली ठेवली. "अपा, तुमचं गाणं माझ्या हातून गेलं. नवं ॲप घेताना जुनं काढलं, त्यात ते होतं."

"परत नाही मिळायचं?"

"नाही."

अपा खिडकीबाहेर बघत राहिल्या. शेजारच्या अंगणात कुणी सतरंजी झटकत होतं. ते झटकणं संपलं तरी त्या वळल्या नाहीत.

"हा म्हातारा गळा काढता येतो त्यातून?" शेवटी त्यांनी विचारलं.

"येतो."

"मग काढ. पोरीला तुझ्याच गळ्यानं झोपू दे."

मीरगुलनं चढवलेलं एकेक काढलं. उरला तिचा स्वतःचा आवाज, जरा घाबरलेला. तो अपांनी पुरा ऐकला.

"अपा, नुरिलाला काय सांगू?"

"खरं काय ते," अपा पुटपुटल्या आणि फोन तिच्याकडे सरकवला. "तूच सांग. मला आता तेवढं बोलवत नाही."