खुराड्याचं दार

ऑर्विल टकरने लाकडी दार वकीलबाईंच्या टेबलावर ठेवलं, त्यावर चिकटलेलं कोंबडीचं पीस फुंकून टाकलं आणि म्हणाला, "हे जर्मनीला पाठवायचंय."

संध्याकाळी गारवा पडला की खुराड्याचं हे दार आपोआप मिटायचं. तार नाही, वीज नाही. वर फक्त काड्यापेटीएवढी एक डबी. एका जर्मन कारखान्याला ते हवं होतं, पण तिथलं पेटंट मिळालं तरच.

"तिथे तिथलाच वकील लागतो," बाई म्हणाल्या. "सगळं जर्मनमध्ये उतरवायचं. शिवाय दरवर्षी फी."

"दरवर्षी? माझ्या कोंबड्यासुद्धा इतक्या नेमानं अंडी घालत नाहीत!"

शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसलेली वर्ना हसली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या यंत्रांबद्दल ती चकार शब्द बोलली नव्हती. कोंबड्या आत गेल्या का, एवढंच विचारायची.

"आपल्याकडे पेटंटचा अर्ज करण्याआधी हे कुणाला दाखवलं होतं?" बाईंनी विचारलं.

"ऑगस्टच्या जत्रेत. पहिल्या नंबराची निळी फीत मिळाली! त्यात काय, दाखवल्यावर अर्ज करायला वर्षभराची मुभा असते की."

"ती इथे. जर्मनीत नाही."

ऑर्विल गोंधळला. "माझंच दार मीच दाखवलं. मग चोर कोण?"

"चोर कुणी नाही. लोकांना कळलेली गोष्ट तिथे नवी धरत नाहीत. पण ही डबी बंद होती ना? आतलं कुणाला समजावलंत?"

"कुणी विचारलंच नाही." ऑर्विलला हायसं वाटलं आणि जरा वाईटही. "परीक्षकांनी दार दोनदा वरखाली केलं अन् गेले भोपळे बघायला."

"मग वाचलात."

वर्नाने पर्स उघडली, मिटली.

"जत्रेत तू ट्रॅक्टरांच्या ओढाओढीची शर्यत बघायला गेला होतास ना, तेव्हा एक दाढीवाला आला. त्यानं विचारलं. मी डबी उघडून दाखवली."

"तू? काय सांगितलंस?"

"आत मेण आहे. गारव्यानं ते आकसतं, खिट्टी सुटते, दार पडतं. सकाळी ऊन लागलं की मेण फुगतं आणि दार उचलतं. मग त्यानं बायकोला हाक मारली. मग बरेच जमले."

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "इथलं पेटंट शाबूत आहे, मिस्टर टकर. जर्मनी मात्र गेली."

ऑर्विलने मान हलवली. खुर्ची सरकवून तो वर्नाकडे वळला.

"ते खिट्टीचं," तो म्हणाला, "परत एकदा सांग."