सायलीचं साडेदहा

पहिल्या तासाला स्वतःची ओळख झोकात करून दिली, की याह्या सरांचं वर्षभराचं काम निम्मं व्हायचं. पोरं मग शंका विचारायलाच कचरायची. पडेगावच्या कॉलेजात अकरावीला फिजिक्स शिकवून त्यांना बारा वर्षं झाली होती, आणि ओळख दरवर्षी तीच. सिल्लोडच्या कापसाच्या जिनिंगमधल्या हमालाचा पोरगा. आयुष्यात पहिल्यांदा लंबक हलवला आणि गुरुत्वाचं उत्तर पहिल्याच फटक्यात नऊ पॉइंट आठ आलं. परीक्षक म्हणे खुर्चीतून उठले. यातलं सिल्लोड खरं, हमालही खरा. नऊ पॉइंट आठ मात्र चुलतभाऊ जुनेदच्या जर्नलमधून उतरवलेलं होतं.

यंदाही ओळख झाली, आणि पुढच्या आठवड्यात लंबकाचं प्रॅक्टिकल आलं. पोरांनी रिवाजाप्रमाणं मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरवले. फुलंब्रीहून एसटीनं येणाऱ्या सायलीला रिवाज ठाऊक नव्हता. तिनं खरोखर वीस-वीस झोके मोजले.

“सर, साडेदहा येतंय. तीनदा मोजलं.”

सरांनी तिचं जर्नल वर्गाला दिसेल असं उंच धरलं. “फुलंब्रीत पृथ्वी जरा जास्तच ओढते वाटतं.”

वर्ग खिदळला. सरांनी पानावर लाल रेघ मारली आणि उद्या नीट मोजून आण म्हणाले.

पोरं गेल्यावर त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी स्वतः लंबक टांगला. बारा वर्षांत पहिल्यांदाच. उत्तर साडेदहा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग त्यांनी लॅबचं स्टॉपवॉच मोबाइलशेजारी ठेवलं. मोबाइलचं मिनिट भरलं तेव्हा स्टॉपवॉच अठ्ठावन्नावर होतं.

“ते लई दिवसांपासून मागं पडतंय, सर,” लॅब सांभाळणारा मोतीराम टेबल पुसता पुसता म्हणाला. “कुणी वापरतच नाय, म्हणून बोललो नाय.”

त्यानं टोमणा मारला असता तर परवडलं असतं. त्यानं साधं सांगितलं, आणि सरांची कानशिलं तापली.

घरी जाताना त्यांनी वाक्य जुळवलं: घड्याळ चुकलं होतं, सायली बरोबर होती. एवढंच म्हणायचं. पण मग कुणीतरी विचारणार, सर, बारा वर्षांत तुम्हाला कसं कळलं नाही? तिथं वाक्य अडायचं.

दुसऱ्या दिवशी सायलीनं जर्नल पुढं केलं. नवं पान, सुबक अक्षर, नऊ पॉइंट आठ.

“पुन्हा मोजलंस?”

“नाय सर. शेजारच्या तहरीमचं बघून लिहिलं.”

खाली मान घालून तिनं सांगितलं, जणू चोरी तिनंच केली होती. वर्ग ऐकत होता. सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.

सरांची पत राहिली. मोतीरामला बोलणी बसली नाहीत. वर्गाला फुकटात हसायला मिळालं. किंमत भरली ती एकट्या सायलीनं: त्या वर्षी तिचं एकही उत्तर पुन्हा चुकलं नाही.