ईशानीच्या शाळेतले आभारप्रदर्शन

ईशानी माझी नात. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग शहरात एका इंग्रजी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत तिसऱ्या वर्षाला आहे. शाळेला पंचवीस वर्षे झाली, त्या समारंभात पालकांच्या वतीने माझी मुलगी मंजूषा आभार मानणार होती. ऐनवेळी तिला ऑफिसच्या कामासाठी म्युनिकला जावे लागले आणि ते काम माझ्या गळ्यात पडले.

"आजोबा, फक्त दोन वाक्यं हं," ईशानीने बजावले. "माझा सगळा क्लास असणार आहे. प्लीज."

तिची काळजी मला कळत होती. पुण्याहून आल्यावर वर्षभर ही पोर वर्गात तोंड उघडत नव्हती. आता कुठे मैत्रिणी मिळाल्या होत्या. माझ्यामुळे त्या तिला हसल्या तर? मी पुस्तकांत रमणारा माणूस. चारचौघांत बोलणे मला जमत नाही. पुण्याला वाचनालयाच्या कार्यक्रमांत आभार नेहमी माझ्याकडे असत, कारण तोवर श्रोते चपला शोधू लागलेले असत. नियम एकच: कुणाचे नाव सुटता कामा नये. सुटले, की तो माणूस वर्षभर बोलत नाही. सकाळी पोहे खाताना मी हे ईशानीला सांगितलेही. ती नुसती हसली.

व्यासपीठावर गेलो आणि दोन वाक्यांचे भान राहिले नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सुरुवात केली. इमारत पूर्वी लोकरीची गिरणी होती, म्हणून आधी विणकरांचे आभार मानले. मग गिरणीच्या दोन खोल्यांत मागून आणलेल्या बाकांवर शाळा सुरू करणाऱ्या शिक्षकांचे. प्रयोगशाळेचे, कारण फसलेल्या प्रयोगाला ईशानी तिथे पहिल्यांदा मोठ्याने हसली. नाटकाच्या रंगमंचाचे, कारण तिथे पडद्यामागे गप्प उभ्या राहणाऱ्यांचीही गरज असते. ग्रंथालयाचे सर्वांत जास्त. तिथल्या बाईंनी डब्याच्या सुट्टीत माझ्या नातीला खिडकीजवळ बसू दिले आणि कधी काही विचारले नाही. सायकली ठेवायच्या शेडचे, आणि चाकात हवा भरून देणाऱ्या यान नावाच्या काकांचेही.

मागे कॉफी थंड होत होती. लोक केककडे बघत होते. मी खाली येऊन ईशानीशेजारी बसलो. टाळ्या वाजल्या आणि माझे लक्ष पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापिकांकडे गेले. मी ईशानीच्या कानाशी वाकलो.

"अगं, मुख्याध्यापिकाच राहिल्या."

"आजोबा! सायकलशेडला थँक्स म्हणालात आणि त्यांना नाही?"

"आता काय करू?"

"काही नाही. तुम्ही बसा."

ती उठली. मला वाटले, लाजून बाहेर चालली. पण ती सरळ माइकपाशी गेली.

"माझे आजोबा जिथून आलेत," ती इंग्रजीत म्हणाली, "तिथे आभारात नाव राहिलं तर माणूस वर्षभर बोलत नाही. तेव्हा मॅडम, प्लीज आमच्याशी बोला. पुढच्या आठवड्यात रिपोर्ट कार्ड मिळणार आहे."

सभागृह हसले. मुख्याध्यापिकांनी तर डोळे पुसले.

"पहिल्या दिवशी मला वर्ग सापडत नव्हता," ईशानी पुढे म्हणाली. "मॅडम माझ्याबरोबर चालत आल्या. वाटेत त्यांनी माझं नाव तीनदा म्हणून पाहिलं, बरोबर येईपर्यंत."

मी मान वर केली. शेवटच्या रांगेतली माणसेसुद्धा तिच्याकडे बघत होती. तिचा आवाज तिथवर पोहोचत होता, जराही न अडखळता. ज्या शाळेने हे घडवले, तिचे आभार मी रंगमंच आणि सायकलशेड मोजत मानले होते.

"अजून कोण राहिलं?" ती विचारत होती. "हां, गणिताचे सर. जिमच्या मॅडम."

"ईशानी, केक!" मैत्रिणी ओरडल्या.

"थांबा गं," ती चक्क मराठीत म्हणाली आणि पुढचे नाव घेतले.