दुधाच्या कट्ट्यावरचा मोबाईल

मी मोबाईल बोलतोय. एरवी माझ्यातून दुसरेच बोलत असतात, आज जरा माझं ऐका.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आता आठवत नाही. आठवतं ते शाहूपुरीतलं दुकान. तिथल्या काचेच्या कपाटात मी चकचकीत होऊन बसलो होतो. कॉलेजात जाणारी एखादी पोरगी आपल्याला नेईल, दिवसभर गाणी ऐकेल, अशी माझी स्वप्नं. नेलं क्रांतीनं, आणि दिलं आपल्या आईच्या हातात. आईचं नाव अंबूबाई, वय साठीच्या पुढं, हाताला म्हशीच्या दुधाचा वास. माझा तर पार विरसच झाला.

अंबूबाई रोज संध्याकाळी आपल्या दोन म्हशी कट्ट्यावर आणून उभ्या करते. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळ दूध पेल्यात द्यायचं, हा कोल्हापूरचा शौक. मी तिच्या कमरेच्या पिशवीत. तिला माझ्याकडून एकच हवं होतं, चंदगडला दिलेल्या लेकीचा, क्रांतीचा आवाज. तिच्या घरात रेंज मिळत नाही. ती दिवेलागणीला फाट्यापर्यंत चालत येते आणि तिथून फोन लावते. अंबूबाईनं लावलेला फोन तिला लागतच नाही.

फोन वाजला की हिरवं बटण उजवीकडं सरकवायचं, एवढं शिकायला अंबूबाईला बरेच दिवस लागले. जमलं त्या संध्याकाळी तिनं कट्ट्यावरच्या सगळ्यांना फुकट दूध पाजलं. त्या दिवसापासून मला तिची माया लागली.

आणि मग माझं अपडेट आलं. आम्हा मोबाईलांना कोण विचारतो? वरून हुकूम येतो आणि एका सकाळी आमचा तोंडवळाच बदललेला असतो. आता बटण वर सरकवलं तर फोन उचलायचा, खाली ओढलं तर कट.

संध्याकाळी क्रांतीचा फोन वाजला. अंबूबाईनं उजवीकडं सरकवलं. काही होईना. ती गोंधळली, आणि गोंधळलेला हात आपल्या सवयीवर गेला. उभा जन्म धारा काढण्यात गेलेला. अंगठा आत दुमडायचा आणि खाली ओढायचं. तिनं तसंच ओढलं. फोन कट. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

मला फार वाईट वाटलं, कारण नुकतंच दोघींचं वाजलं होतं. "म्हशी इक आन हिकडं ये ऱ्हायला," असं क्रांती म्हणाली होती. "म्हशी इकून तुझ्या दारात माशा मारत बसू व्हय?" असं अंबूबाईनं सुनावलं होतं. आता तिकडं फाट्यावर उभ्या लेकीला वाटत असणार, आईनं तोंड फिरवलं. इकडं आई गिऱ्हाइकाला सांगायची, "पावणं, पोरगीच फोन तोडतीया बघा. लई राग धरलाय तिनं."

शेवटी क्रांती एसटी पकडून थेट कट्ट्यावरच आली. "आये, राग आला म्हणून सारखा फोन कापतीस व्हय?"

"मी कापतीय? तूच कापतीस की!"

क्रांतीनं तिथंच स्वतःच्या फोनवरून मला फोन लावला. "उचलून दाव बघू." अंबूबाईनं अंगठा दुमडला आणि खाली ओढलं. क्रांती हसत सुटली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आये, ही म्हस न्हाय! वर सरकव!"

दोन दिवस राहिली ती. म्हशी विकायचा विषय काढला नाही, उलट सकाळची वैरण तिनंच घातली. अंबूबाईनं मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा केला, आणि मी फळीवर पडून त्या दोघींचं बोलणं ऐकत राहिलो. जाताना क्रांतीनं आईकडून वर सरकवणं चांगलं घोटून घेतलं.

त्यानंतर अंबूबाई मला झटक्यात उचलायला लागली. असेच बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली,

"क्रांते, ह्यो फोन परत बदाललाय गं. उचलायलाच येईना झालाय. एकदा येऊन बघून जा की."

मी चाटच पडलो. माझ्यात काडीचाही बदल झाला नव्हता. आणि फोन उचलता येत नाही, हे ती फोन उचलूनच सांगत होती.

पलीकडून क्रांती हळूच म्हणाली, "व्हय की. ऐतवारी येती."

आता मी जुना झालोय. काचेला तडा गेलाय, चार्जिंग दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही. मला बनवणाऱ्यांनो, तुमच्या अपडेटांचा मला पूर्वी संताप यायचा. आता एकच विनंती आहे. अधूनमधून माझ्यात काहीतरी बदलत राहा. फार नको. चंदगडहून येऊन दाखवावं लागेल, एवढंच.