सात मजले, अडीच मिनिटं

दार उघडायचं नऊला, पण माणसं सातपासून उभी. आत मोठा हॉल, ओळीने खुर्च्या आणि भिंतीवर पाटी : ‘मौन पाळा’. तीनशे माणसं बसलेली आणि टाचणी पडली तर ऐकू येईल. एका वेळी एकच कुटुंब लिफ्टने वर जायचं. सातव्या मजल्यावर दरबार. तिथे दुसरी पाटी : ‘प्रश्न विचारू नये. गुरुजींना माहीत आहे.’

आणि गुरुजींना खरंच माहीत असायचं हो. डोक्यावरून कानापर्यंत शाल, डोळे मिटलेले. तुम्ही चकार शब्द काढायचा नाही आणि ते तुमच्या घरातलं बोलायला लागायचे. एका पोरीला म्हणाले, ‘पर्समधल्या फोटोशी लग्न करू नकोस.’ पोरगी मटकन खाली बसली. एका मिशीवाल्याला म्हणाले, ‘दुकान भावाच्या नावावर करायला निघालायस. थांब.’ एवढा मोठा मिशीवाला, हुंदके देत भिंतीशी जाऊन बसला. दर्शन झालेल्यांना तास-दोन तास भिंतीशी बसवून ठेवायचे. पुढच्यांचे चमत्कार बघायला आयतीच साक्षीदार मंडळी.

त्या रांगेत आमची ताईही होती.

ताई कपडे शिवते. काजं अशी करते की यंत्राने लाजावं. तिला काचबिंदू आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं, ‘थेंब रोज दोनदा, आयुष्यभर. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळायची.’ पहिल्याच खेपेला गुरुजी तिला म्हणाले, ‘उजवा डोळा झाकून सुईत दोरा ओवतेस. आणि त्या डोळ्यांत रोज विष घालतेस. आठ दिवस बंद कर. नवव्या दिवशी बाटली आणून माझ्यासमोर ठेव.’

ताईने बंद केलं.

मला कळलं तेव्हा सहा दिवस होऊन गेले होते.

“मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं,” ताई म्हणाली. “सुईतला दोरा त्यांना कुणी सांगितला?”

“मी तर नाही सांगितला.”

“तू बोलूच नकोस. शाळेची घंटा तासभर आधी वाजवून सगळ्या शाळेला घरी पाठवलंस, तेव्हापासून तुझ्यावर कुणी विश्वास ठेवलाय का?”

घंटा मीच वाजवली होती, आणि बेत चांगला होता.

ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, टेबलावर डोकं धरून बसली होती. दिवसा ती लायब्ररीत पुस्तकं लावते, संध्याकाळी डिटेक्टिव कादंबरी लिहिते आणि जेवताना आम्हाला वाचून दाखवते. न ऐकणाऱ्याला भाजी वाढत नाही.

“मामा, माझं अडलंय. डिटेक्टिवला संशयिताच्या घरात दिवसभर बसवायचाय. पण आजकाल खोटी दाढी चालत नाही. दारात कॅमेरा, खिशात फोन, चालण्यावरून माणूस ओळखतात. लपवू कुठे त्याला?”

“लपवू नकोस. पिवळं जाकीट घाल, खांद्यावर शिडी दे आणि खोलीच्या मधोमध उभा कर. कुणाच्या बापाला दिसणार नाही.”

“असं कसं?”

“परवा तुमच्या लायब्ररीत पंखा दुरुस्त करायला माणूस आला होता म्हणालीस. चेहरा सांग त्याचा.”

“शिडी आठवतेय,” ती शेवटी म्हणाली.

“झालं तर मग.”

हे मी अनुभवाने सांगतो. बावीस वर्षं लिफ्टचा मेकॅनिक आहे. माझ्यासमोर लोकांनी लग्नं मोडलीत, नोकऱ्या सोडल्यात, एकाने तर साहेबाची नक्कल केली आणि साहेब पुढच्याच मजल्यावर आत आला. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

आणि बोलता बोलता माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. “ताई, ती इमारत निळ्या काचांची का? कोपऱ्यावरची?”

“हो. का?”

ती लिफ्ट माझीच होती. दीड वर्षापूर्वी तिथला सफारी घातलेला व्यवस्थापक मला म्हणाला होता, ‘लिफ्ट हळू करून द्या. म्हाताऱ्या माणसांना गरगरतं.’ लिफ्ट हळू चालते म्हणून बावीस वर्षं शिव्या खाल्ल्या, हळू करा म्हणणारा हा पहिलाच. पण मी केली. सव्वीस सेकंदांची वाट अडीच मिनिटांवर नेली आणि वर सही ठोकली. म्हणजे या भानगडीत माझाही हात होता.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या नावाखाली गेलो. लिफ्टमध्ये आणीबाणीचा स्पीकर असतो बघा, बटण दाबलं की खालच्या चौकीदाराशी बोलता येतं. त्या बटणाच्या फटीत आगपेटीची काडी खोचलेली होती. बटण कायमचं दाबलेलं. तार पाहिली, तर ती चौकीदाराकडे जातच नव्हती. सरळ सातव्या मजल्यावर, दरबारातल्या पडद्यामागे.

मग सगळा खेळ लक्षात आला. खाली तासन्‌तास मौन, वर गेल्यावर मौन. मध्ये अडीच मिनिटं दार बंद आणि फक्त घरची माणसं. पोटात दाबून धरलेलं सगळं माणूस तिथे बोलणार नाही तर कुठे बोलणार?

मी ताईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, सुईतला दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, “तुला जिथे तिथे वायरीच दिसतात. उद्या म्हणशील माझ्या डोळ्यांतही शॉर्टसर्किट झालंय. मी उद्या बाटली ठेवून येणार. ठरलंय.”

“आणि नजर गेली तर?”

“तर गुरुजी आहेत.”

भाचीला मी जिन्यात गाठलं. “तुझं तिसरं प्रकरण पाठ आहे?”

“मीच लिहिलंय, मामा.”

“उद्या लिफ्टमध्ये फोन कानाला लाव आणि म्हणून टाक.”

नवव्या दिवशी नऊ वाजता मी पिवळं जाकीट घालून दरबारात शिडी लावली आणि छतावरच्या ट्यूबचं झाकण उघडून बसलो. गुरुजींच्या डोक्यापासून चार हातांवर. सफारीवाल्याने वर पाहिलं. “कचरा पाडू नका,” म्हणाला आणि पडद्यामागे गेला. ज्याच्या कागदावर मी सही केली होती, तोच हा. लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवलेल्या यंत्रावर त्याचं पोट चालत होतं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर टांगलेला मी त्याला दिसलो नाही.

पर्सवाली पोरगी आणि मिशीवाला त्याच सकाळी माझ्या डोळ्यांदेखत भिंतीशी जाऊन बसले. अकराच्या सुमाराला लिफ्टचं दार उघडलं. ताई आणि भाची. ताई माझ्या शिडीपाशी आली आणि मान वर न करता म्हणाली, “जरा बाजूला घ्या हो.” सख्खी बहीण. मी शिडी बाजूला घेतली.

ताई समोर बसली. मुठीत बाटली. गुरुजींनी लांब श्वास घेतला.

“समुद्र,” ते म्हणाले. “मला समुद्र दिसतोय. खारट वारा. एक बोट. बोटीवरून कुणीतरी डाव्या हाताने निरोप देतंय.”

भिंतीशी बसलेली साठ माणसं श्वास रोखून पुढे सरकली.

“मुली, तो तुझा भाऊ. एकुलता एक. अकरा वर्षं झाली, बोट परत आली नाही. लाटेखालून तो तुला हाक मारतो. त्याचेच अश्रू तुझ्या डोळ्यांत साठलेत. औषधाने ते कसे सुकतील? ठेव ती बाटली.”

ताईचा हात पुढे झाला होता, तो तिथेच थांबला. पाटी झुगारून ती बोलली.

“गुरुजी, हे तर तिसऱ्या प्रकरणातलं आहे.”

“काय?”

“हिच्या कादंबरीतलं. बोटीवरचा डावखुरा मामा. सात वेळा ऐकलंय मी, जेवताना.” तिने भाचीकडे पाहिलं. “आत्ता लिफ्टमध्ये तू मैत्रिणीला फोनवर हेच सांगत होतीस.”

“फोन बंद होता, आई,” भाची म्हणाली.

“माझा भाऊ तर…”

“इथे आहे, ताई,” मी वरून म्हणालो. “बुडालो असतो तर ओला नसतो का? आणि डाव्या हाताने मला नाकसुद्धा शिंकरता येत नाही.”

साठ माना एकदम वर झाल्या. पडद्यामागून सफारीवाला धावत आला. “कोण रे तू? आत कसा आलास?”

“नऊपासून आहे. तूच म्हणालास, कचरा पाडू नका. नाही पाडला, बघ.”

मी खाली उतरलो आणि पडदा ओढला. मागे टेबल, वही, हेडफोन आणि एक छोटा स्पीकर. दुसरी तार गुरुजींच्या शालीखाली गेलेली. हेडफोनची पिन मी उपटली. भाची एव्हाना लिफ्टमध्ये पोचली होती. सगळ्यांच्या देखत स्पीकरमधून तिचा आवाज आला : “नमस्कार. मी लिफ्टमधून बोलतेय. आईच्या बाटलीत विष नाही, औषध आहे. हे तरी ऐकू येतंय का, गुरुजी?”

मग मिशीवाला हळूच म्हणाला, “दुकानाचं मी बायकोला लिफ्टमध्येच बोललो होतो.”

“फोटो मी आईला तिथेच दाखवला,” पर्सवाली म्हणाली.

एक आजी मात्र हटेना. “माझा गुडघा बरा झाला त्याचं काय?”

“काय उपाय सांगितला होता, आजी?”

“जिने चढू नकोस म्हणाले.”

“तेवढं तर मीही सांगितलं असतं.”

गुरुजी अजून डोळे मिटूनच होते. “यंत्र निमित्तमात्र आहे,” ते म्हणाले. “ज्ञान आतून येतं.”

“उत्तम,” मी म्हणालो. “मग मी खालून एक माणूस आणतो. जिन्याने, तोंड बंद ठेवून. त्याच्या घरात काय चाललंय तेवढं सांगा. बरोबर आलं तर ही शिडी विकून तुमचा चेला होतो.”

“आज ऊर्जा नाही,” गुरुजी म्हणाले.

पहिला हसला तो मिशीवाला.

ताई हसली नाही. ती उठून खिडकीच्या उजेडात गेली, मान मागे टाकली आणि भर दरबारात दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घातला. नेम चुकला नाही. सुईवालीचा हात तो.

डॉक्टरांनी तपासलं. डाव्या डोळ्याच्या कडेची थोडी नजर गेली आहे. नऊ दिवसांची किंमत. ती परत येणार नाही, गुरुजींनी लाख समुद्र पाहिले तरी. ताई अजून काजं करते, फक्त डावीकडून कुणी आलं की दचकते. तिला दचकवायला मी पूर्वी मुद्दाम डावीकडून यायचो. आता येत नाही.

सफारीवाल्याने माझी कंपनीकडे तक्रार केली, दरबारात विनापरवाना शिडी लावली म्हणून. करू दे. मी चौकशीला पिवळं जाकीट घालूनच गेलो, काडी खिशात घेऊन. ती काडी मी कुणालाही दाखवतो, हवी त्याला हवी तितक्या वेळा, आणि उद्या असाच दुसरा पडदा दिसला तर तोही ओढेन. लिफ्टही परत सव्वीस सेकंदांवर आणली. गुरुजींनी इमारत सोडली. कुठेतरी दुसरी बघितली असेल, उंचशी.

तेव्हा तुमच्याकडे एक मागणं आहे. कुणी तुमच्या मनातलं बिनचूक ओळखलं, तर हात जोडण्याआधी एवढंच आठवून बघा : हे आपण शेवटचं कुठे बोललो होतो, आणि तिथे कोपऱ्यात कोण होतं, काय होतं? आठवेपर्यंत औषध चालू ठेवा.