लडलोला उतरलेली बाबागाडी

मित्रांनो, मी एक जुनी बाबागाडी आहे. सध्या इंग्लंडमधल्या हेरफर्ड गावी एका अरुंद घरात, जिन्याखाली घडी घालून उभी असते. दमले आहे, तेव्हा उभ्याउभ्याच बोलते.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझं कापड गडद निळं होतं. पहिल्या घरात जुळी मुलं होती. एकाला बसवायचं, दुसरं मागे लोंबकळायचं. शेजारणी म्हणायच्या, "किती हलकी चालते गं." मग मुलं मोठी झाली आणि मी जुन्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानाच्या काचेमागे जाऊन बसले. उन्हानं निळ्याचं राखाडी झालं. तिथून मला नेरिस घेऊन आली. तिची मुलगी माबली तेव्हा नुकतीच बसायला लागली होती.

माबलीला हाक मारली तरी ती वळायची नाही. नेरिस माझ्या मागून टाळ्या वाजवायची, किल्ल्या खुळखुळवायची. अखेर मँचेस्टरच्या इस्पितळात कान तपासायची तारीख मिळाली. त्या तारखेची वाट बघण्यात अख्खा हिवाळा गेला होता. ती चुकली, तर पुन्हा रांगेच्या शेवटी.

नेरिसनं एका ठरावीक गाडीची आगाऊ तिकिटं काढली. तीही तुकड्यांत: एक हेरफर्ड ते क्रेव्हन आर्म्स, दुसरं तिथून मँचेस्टर. गाडी एकच, उतरायचं नाही, पण असं तोडून घेतलं की स्वस्त पडतं. आमच्याकडे सगळेच तसं करतात. तिकिटं माझ्या मागच्या खिशात, ओल्या रुमालांशेजारी होती. आदल्या रात्री नेरिस दर थोड्या वेळानं खिसा चाचपून बघत होती.

सकाळी आम्ही फारच लवकर स्टेशनवर पोचलो. फलाटावर मँचेस्टरचीच एक गाडी दारं उघडून उभी होती. आमची नव्हती, आधीची होती. नेरिसनं क्षणभर विचार केला आणि मला आत ढकललं. एका म्हातारबांनी पुढची चाकं धरून उचललं, तशी इथली रीतच आहे. लवकर गेलेलं बरं, असं तिला वाटलं असणार. उशिराची भीती असलेल्या माणसाला लवकरची भीती वाटत नाही.

गाडी सुटली आणि गार्ड आला. टक्कल पडलेला, डोळ्यांखाली काळं.

"पोरी, तिकीट खरं आहे, पण गाडी तुझी नाही."

"अहो, लवकरच आलेय ना? उशिरा तर नाही."

"आगाऊ तिकिटाला लवकरही चालत नाही आणि उशिराही. चढायच्या आधी बदलून घ्यायचं होतं, थोडे पैसे भरून. आणि ही गाडी क्रेव्हन आर्म्सला थांबतच नाही. जिथं तिकीट तोडलंस तिथं गाडी थांबलीच पाहिजे. थांबली की बसून राहा, कोणी हलवणार नाही."

समोरच्या आजी विणता विणता म्हणाल्या, "उशिरा आले तर रागावता, लवकर आले तर रागावता. तुमच्या घरी जेवायला कधी यायचं तरी कळू दे."

"आजी, माझ्या घरी मलाच जेवायला मिळत नाही," गार्ड म्हणाला.

नेरिस हसली नाही. "माझ्या मुलीची तपासणी आहे. नवं तिकीट काढायची ऐपत नाही. उतरवाल का मला?"

तो वाकला आणि माबलीकडे बघून हळू आवाजात बोलू लागला. "क्रेव्हन आर्म्सच्या आधी लडलो स्टेशन लागतं, तिथं उतर. मागून तुझीच गाडी येतेय. मी तिकिटावर लिहून देतो, म्हणजे मधून चढलीस तरी कोणी अडवणार नाही. आणि ऐक. तुझी गाडी रखडली, रद्द झाली, तर ती जबाबदारी रेल्वेची. पुढच्या गाडीत बसवतील. या गाडीत मात्र तू कोणाचीच जबाबदारी नाहीस."

लडलो आलं. मँचेस्टरला जाणारी गाडी सोडून उतरायचं, हे नेरिसला जमेना. तिनं माझा दांडा धरून ठेवला. आजींनी विणकाम पिशवीत टाकलं आणि पुढून मला धरलं. "चल गं. एक टोक मी घेते."

फलाटावर वारा होता. पाटीवर आमची गाडी उशिरा दाखवत होती, मग आणखी उशिरा. नेरिसनं माबलीला केळं भरवलं आणि स्वतः काहीच खाल्लं नाही. मला वाटलं, गेली तारीख.

पण गाडी आली. क्रेव्हन आर्म्सला थांबली. कोणी उठलं नाही, दारं मिटली, आणि आम्ही बसल्या जागी दुसऱ्या तिकिटावर गेलो.

इस्पितळात आमचं नाव पुकारलं तेव्हा नेरिस अजून धापा टाकत होती. डॉक्टर म्हणाले, माबलीच्या एका कानाला ऐकू येतं. दुसऱ्याला यंत्र लागेल. नेरिस दोन्ही वाक्यं पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

परतताना आम्ही स्टेशनवर पुन्हा लवकरच पोचलो. हेरफर्डची, आमच्या आधीची एक गाडी दारं उघडून उभी होती. नेरिसनं माझा ब्रेक लावला आणि ती बाकावर बसली. दारं मिटली, गाडी गेली. माबली झोपली होती. त्या दिवशी पहिल्यांदाच नेरिसनं खिसा चाचपला नाही.

आता माबली चालते, आणि मी जिन्याखाली आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी असेल. तिला पावसातून आणलं तर पुसून ठेवा. दांड्याला जड पिशव्या अडकवू नका, आम्ही मागे कलंडतो. आणि तिला ढकलणारी आई फलाटावर घाईत दिसली, तर काही विचारू नका. पुढची चाकं धरा.